आजाऱ्याची मोसंबी

मंगळवार पेठेतल्या गणपतराव मास्तरांनी, म्हणजे सगळ्या पेठेच्या अण्णांनी, नोकरीची सगळी वर्षं पोरांना 'सकस आहार' हा धडा शिकवला आणि त्यातला एक घास स्वतः कधी तोंडात घातला नाही. वर्गाच्या भिंतीवर एक रंगीत तक्ता टांगलेला असे. त्यावर गाजर, टोमॅटो, पालकाची जुडी, मधोमध कापलेली पपई. अण्णा छडीचं टोक गाजरावर टेकवून विचारायचे, "यात काय असतं?" आणि पोरं बाकं हलवत ओरडायची, "अ जीवनसत्त्व." शाळा सुटली की अण्णा घरी येऊन भाकरी, मटणाचा रस्सा आणि बुक्की मारून फोडलेला कांदा असं जेवायचे. मटण नसेल त्या दिवशी सुकटीची चटणी, सुकट संपली असेल तर पिठलं. निवृत्त झाल्यावर तक्ता शाळेतच राहिला आणि गाजराशी असलेला त्यांचा संबंधही संपला.

सून प्रमोदिनी नेसरीची. माहेरी परड्यात चाकवत, पोकळा, अंबाडी, कुंपणावर दोडक्याचा वेल. ताटात काहीतरी हिरवं नसेल तर तिचे वडील जेवायला बसल्याबसल्या विचारायचे, आज भाजीवाली रुसली काय. लग्न होऊन कोल्हापुरात आली त्याच आठवड्यात तिनं हौसेनं चाकवताची पातळ भाजी केली. अण्णांनी वाटीकडे पाहिलं, ती दोन बोटांनी ताटाबाहेर सारली आणि वर्गात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "सूनबाई, शेळी पाला खाती. आपण शेळी खातो. म्हंजे पाला आपल्या पोटात जातोयच की. मग त्योच पाला पुन्यांदा कशाला?"

कृष्णात, प्रमोदिनीचा नवरा, यावर पोट धरून हसला. तो कचेरीत कारकून होता. साहेब काही बोलला की हसायचं ही त्याची नोकरीतली सवय, आणि घरातले साहेब अण्णा. प्रमोदिनीनं ती भाजी दोन वेळा एकटीनं खाल्ली आणि मग करायची सोडली. एकटीसाठी भाजी निवडत बसणं म्हणजे त्या घरात चैन होती, आणि सुनेनं चैन करायची नसते हे तिला कुणी न सांगता कळलेलं होतं.

फळांचं तसं नव्हतं. फळांशी घराचं काही वाकडं नव्हतं, फक्त प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं. केळं देवापुढं ठेवायला. आंबा मे महिन्यात, तोही पाहुणे आले तर. पेरू शाळेच्या फाटकाबाहेर तिखटमीठ लावून पोरांनी खायचा. आणि मोसंबी, डाळिंब, सफरचंद ही आजाऱ्याची. धडधाकट माणूस मोसंबं सोलून खाताना दिसला तर चार लोक त्याच्या कपाळाला हात लावून बघतील. कुणाच्या पिशवीतून मोसंबी डोकावली की गल्ली ओळखायची, कुणीतरी अंथरुणाला लागलंय. पिशवी मोठी असली की बाया आधीच हळहळायला सुरुवात करायच्या.

तर अशा घरात एकोणसत्तर सालच्या थंडीत शालन शाळेच्या प्रार्थनेत उभ्याउभ्या कोसळली. शालन ही प्रमोदिनीची एकुलती एक लेक. मॅट्रिकला होती. शिडशिडीत, हुशार, आणि इतकी गोरी की बायका कौतुक करायच्या. त्या गोरेपणाचं खरं कारण डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून बघितली तेव्हा कळलं. आत लाल म्हणून काही नव्हतंच.

"पोरीच्या अंगात रक्त नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खाते काय ही?"

"सगळं खाती की. भाकरी, आमटी, रविवारी मटण."

"मटण म्हणजे? फोडी किती येतात हिच्या ताटात?"

प्रमोदिनी मनात फोडी मोजायला लागली. रविवारी आधी पुरुष जेवायचे. फोडी अण्णांच्या ताटात, उरल्या तर कृष्णातच्या. मायलेकींपर्यंत रस्सा यायचा, आणि अगदीच नशीब असेल तर त्यात बुडालेलं एखादं हाडूक. अण्णांच्या शास्त्राप्रमाणं पाला शेळीत गेला आणि शेळी अण्णांत गेली. तिथून पुढं ती कुणाला मिळणार होती?

"गोळ्या देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. रोज पालेभाजी, रोज फळ, निदान वर्षभर तरी. आणि लग्नाचं मनात असेल तर आत्ताच काढून टाका. असल्या अंगानं बाळंतपण झेपत नाही. पोर हातची जाईल."

शेवटचं वाक्य प्रमोदिनीच्या छातीत जाऊन बसलं. कारण लग्नाचं मनात होतं, नुसतं मनात नव्हे, कोडोलीपर्यंत पोचलेलं होतं. कोडोलीचे जोतीराम, ऊसवाले, मुलगा साखर कारखान्यात चिकटलेला. त्यांनी शालनला एका लग्नात बघून पसंत केली होती. सुपारी अजून फुटली नव्हती, पण अण्णा आत्ताच त्यांना व्याही म्हणायला लागले होते.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि बाळंतपणाचं वाक्य सोडून बाकीच्यावर विचार केला.

"रोज फळ? आजारी हाय व्हय ती?"

"आजारीच म्हणायची. रक्त न्हाय अंगात."

"हे भाईर बोलू नगंस. पोरगी आजारी हाय असं एकदा झालं की कोडोलीकर या गल्लीत पाय ठेवायचे न्हाईत. पोरीच्या जातीला लग्नापतुर आजार नसतोय."

"मग मोसंबी तरी आणू?"

"आजारी न्हाय तर मोसंबी कशाला?" अण्णा म्हणाले. कृष्णातनं मान डोलावली. त्याला यात काही चुकलेलं दिसेना. मोसंबी खायची तर आजारी असायला हवं, आणि आजारी असायची पोरीला परवानगी नाही. असा चोख न्याय करून बापलेक पान खायला बाहेर गेले.

प्रमोदिनीला रडू आलं नाही, राग आला. रविवारची जेवणं उरकल्यावर ती पिशवी घेऊन सरळ कपिलतीर्थच्या मंडईत गेली. मोसंबी घेतली आणि वर मेथीच्या जुड्या रचल्या. मेथी वर असली की कुणी बघत नाही, असा तिचा अंदाज. पण शेजारची मदिना दारात तांदूळ निवडत बसलेली. मदिनाची नजर सुईत दोरा ओवणारी, नवरा शमशुद्दीन शिंपी असला तरी दोरा तीच ओवायची. तिला मेथीखालचा पिवळा रंग लांबूनच दिसला.

"वैनी, मोसंबी आणलासा? कोण आजारी हाय वो?"

आणखी दोन दारांतून दोन डोकी बाहेर आली. प्रमोदिनीच्या जिभेवर शालनचं नाव आलं होतं, ते तिनं गिळलं. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"अण्णांस्नी जरा बरं न्हाय," ती म्हणाली.

"काय हुतंय?"

"छातीत," असं म्हणून ती घरात शिरली आणि दार लावून घेतलं. अण्णा तेव्हा बाहेरच्या सोप्यात, भरपूर मटण खाऊन, खाटेवर घोरत होते.

पेठेत बातमी पायानं जात नाही. तासाभरात आकाराम हजर झाला. आकाराम अण्णांचा जुना विद्यार्थी, आता एस.टी.त कंडक्टर. खाकी कपडे, खांद्याला तिकिटांची पेटी, हातात मोसंब्यांची पिशवी. त्यानं पेटी उतरवली आणि थेट अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं. अण्णा खडबडून उठले.

"काय रं? कोण गेलं?"

"पडून ऱ्हावा, सर. उठू नगा," आकाराम म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "मला स्टँडवर कळलं आन् तसाच आलो. तुमी हुतासा म्हणून मी माणसात आलो. न्हायतर म्हसरं वळत बसलो असतो. तुमच्यासारका मास्तर आता व्हायचा न्हाय."

निरोपसमारंभात शाल आणि नारळ मिळाल्यापासून अण्णांशी असं कुणी बोललं नव्हतं. निवृत्त मास्तरला रस्त्यात नमस्कार मिळतो, पण नमस्कार करणारा थांबत नाही. अण्णांनी आकारामकडे पाहिलं, मोसंब्यांकडे पाहिलं, मग आतल्या दारात पदराचं टोक तोंडात धरून उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं. पोरांच्या थापा ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. काय झालं असावं ते त्यांना एका क्षणात समजलं. आता ते ओरडणार, असं वाटून प्रमोदिनीनं डोळे मिटले.

अण्णा खोकले. बऱ्यापैकी लांब खोकले, आणि हळूहळू मागं कलंडत उशीला टेकले.

"चालायचंच रं," ते म्हणाले. "वय झालं."

त्या संध्याकाळपासून घरात फळांचा पूर आला. जुने विद्यार्थी आले, जुने मास्तर आले, तालमीतले लोक आले. ज्यांना अण्णांनी ठोकून काढलं होतं तेही आले, आणि ठोकल्याबद्दल आभार मानून गेले. मदिनानं आपल्या परसातल्या झाडाची पपई आणली आणि अण्णा खातात की नाही ते बघायला समोर बसली. अण्णांना तिच्यादेखत अर्धी पपई खावी लागली. तक्त्यावर नुसती छडी टेकवलेलं ते फळ तोंडात गेल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मदिना हळहळून म्हणाली, "लई दुकतंय वाटतं छातीत."

पाहुणे गेले की फळं स्वयंपाकघरात जायची. अण्णा त्यांना हात लावत नसत. त्यांना फळं नको होती, फळं घेऊन येणारी माणसं हवी होती. चुलीमागं पाटावर बसून शालन पुस्तक वाचत मोसंबी सोलायची, डाळिंबाचे दाणे तळहातावर घेऊन तोंडात टाकायची. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आई, हे आजोबांचं हाय." प्रमोदिनी म्हणाली, "आजोबांचंच आजारपण हाय, फळ तुझं. गप खा."

आणि आजाऱ्याच्या घरात मटण शिजवता येत नाही. फोडणीचा वास गल्लीत गेला तर गल्ली काय म्हणेल? भेटायला येणारा प्रत्येकजण जाताना बजावून जायचा, "अण्णांस्नी तिकाट बंद करा, पालेभाजी द्या." प्रमोदिनी मान खाली घालून व्हय म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी मंडईतून पिशवी भरून आणायची. पालक, पोकळा, मेथी, दुधी, दह्यातली काकडी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या चुलीवर तिच्या मनासारखं शिजत होतं. अण्णा भाजीकडे बघून उसासा टाकायचे आणि लोकांना तो दुखण्याचा वाटायचा. कृष्णात दोन दिवस बोलला नाही, मग कचेरीत काम वाढलंय असं सांगून संध्याकाळी उशिरा यायला लागला. त्याच्या सदऱ्याला खानावळीतल्या रस्स्याचा वास यायचा. प्रमोदिनीनं सदरा मुकाट्यानं धुवून टाकला. तिला नवऱ्याच्या पोटाची काळजी नव्हती.

महिनाभरात शालनची नखं गुलाबी दिसायला लागली. आधी माळ्यावर चढताना मध्ये बसायची, ती आता दोनदोन पायऱ्या टाकत जायला लागली. प्रमोदिनी रोज सकाळी तिला दारातल्या उजेडात उभी करून पापणी ओढून बघायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुधारतंय. पण घाई करू नका, वर्ष म्हणजे वर्ष." प्रमोदिनीला त्या दिवशी वाटलं, थोडं खोटं बोलून पोर वाचत असेल तर खोट्यासारखी चांगली गोष्ट नाही.

मग कोडोलीचे जोतीराम अण्णांना बघायला आले. बरोबर त्यांची बायको तानाबाई. होणाऱ्या व्याह्याचं दुखणं म्हणजे यायलाच हवं. तानाबाई खाटेशेजारी बसली, अण्णांचा हात हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, आता थांबून उपेग न्हाय. अण्णांच्या डोळ्यांदेखत पोरीचं हात पिवळं करू या. म्हाताऱ्या मानसाचा जीव कशात तरी आडकून ऱ्हातोय."

"माझ्या बी मनात तेच आलंवतं," जोतीराम म्हणाले. "येत्या रविवारी येतो, सुपारी फोडू. माघात बार उडवून टाकू. काय अण्णा?"

आतल्या दारामागं प्रमोदिनी कान लावून उभी होती. अण्णा आता नाही म्हणतील. निदान पोरीची परीक्षा आहे म्हणतील. अण्णांनी डोळे मिटले, उघडले, आणि फार लांबून यावा तसा आवाज काढला.

"माजी तेवडीच एक इच्छा ऱ्हायलीया."

तानाबाईनं डोळ्याला पदर लावला. अण्णांच्या कामाला अशी दाद पूर्वी कधी मिळाली नव्हती.

पाहुणे वळणापलीकडं गेले तशी प्रमोदिनी सोप्यात आली. अण्णा चादरीखाली शेंगदाणे आणि गूळ खात होते.

"अण्णा, आता उठा."

"उठतो की. लगीन पार पडलं की उठतो."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलंवतं मी तुमास्नी. पोर मरंल."

"पोरी अशा मरत न्हाईत. बाळंतपणं समद्या बायांची हुत्यात."

"आत्याबाई कशानं गेल्या?"

अण्णांच्या तोंडातला शेंगदाणा थांबला. कृष्णातची आई याच खाटेवर, तिसऱ्या बाळंतपणात गेली होती, पांढरी फटक पडून. घरात त्याला देवाची इच्छा म्हणायची पद्धत होती. अण्णांनी भिंतीकडं तोंड केलं. प्रमोदिनीला वाटलं, आता तरी माणूस हलला. थोड्या वेळानं अण्णा भिंतीलाच म्हणाले, "आता उठलो तर लोकांस्नी काय सांगू? म्हैनाभर त्येंची फळं खाल्ल्यात मी."

"तुम्ही कुठं खाल्लीत?"

"लोकांस्नी तसंच वाटतंय न्हवं."

न खाल्लेल्या फळांची लाज त्यांना होती, नातीच्या जिवाची धास्ती नव्हती. प्रमोदिनीला त्या क्षणी सासऱ्याचा मनापासून तिटकारा आला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो खांबाला टेकून उभा होता.

"शब्द गेलाय आता," कृष्णात म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा उजळला. "रविवारी मटण करावं लागंल. पावणं येणार. त्यास्नी दुधी घालून कसं चालंल?"

प्रमोदिनी त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय. मटण करू या की. चांगलं आणा."

रविवारी तिनं सकाळपासून मसाला भाजला. खोबरं, तीळ, कांदा, लसूण, सगळं बेतापेक्षा जास्त. महिनाभर या घरातून मटणाचा वास आला नव्हता, आज गल्ली नाक वर करून फिरत होती. जोतीराम, तानाबाई आणि दोन वडीलधारे पाहुणे आले. येताना आजाऱ्यासाठी मोसंब्यांची भरलेली करंडी आणली होती, ती दाराशी ठेवली. अण्णा खाटेवर, गळ्यापर्यंत चादर. पंगत सोप्यातच बसली, खाटेच्या पुढ्यात. आजारी माणसाच्या जवळ बसावं म्हणजे त्याला बरं वाटतं, असं प्रमोदिनीनंच सुचवलं होतं.

तिनं अण्णांच्या हातात दुधीची वाटी आणि मऊ भात दिला. तांबड्या रस्स्याचं पातेलं आतून आणलं आणि खाटेच्या उशाशी ठेवलं, झाकण काढून. पांढऱ्या रस्स्याचं पातेलं पायथ्याशी. अण्णांनी डोळे मिटून घेतले, पण नाक मिटता येत नाही.

पहिलं वाढप झालं, अण्णा पडून राहिले. दुसरं झालं, त्यांनी कूस बदलली, आणि ती नेमकी पातेल्याकडं बदलली गेली. जोतीराम नळी तोंडाला लावून सुर्रकन ओढत म्हणाले, "अण्णा, असलं मटण कोडोलीत मिळत न्हाय बगा. तुमच्या नशिबात न्हाय, काय करायचं."

अण्णा उठले. चादर बाजूला केली, खाटेवरून उतरले, ताठ चालत पंगतीत आले आणि मांडी घालून बसले.

"सूनबाई," ते म्हणाले, "भाकरी वाढ. आन् फोडी बघून घाल."

सोप्यात कुणी हलेना. अण्णांनी पहिली भाकरी कुस्करली, रस्सा ओतला आणि डोळे मिटून घास घेतला. प्रमोदिनी वाढायचा डाव हातात धरून उभी होती. आता कळलंच सगळ्यांना. आता जोतीराम विचारतील, हे काय सोंग. आता ते ताटावरून उठतील आणि शालन सुटेल.

तानाबाईनं दोन्ही हात जोडले.

"बगा, बगा पोरीचा पायगुण," ती म्हणाली. "अजून आमचा उंबरा वलांडला न्हाय, तवर म्हातारं मानूस खाटंवरनं उठलं. अशी पोरगी दिवा लावून हुडकली तर मिळायची न्हाय. अवो, सुपारी मागवा."

"लक्षुमी हाय पोरगी," अण्णा भरल्या तोंडानं म्हणाले. कृष्णात हसला. वडीलधारे पाहुणेही माना हलवायला लागले. सगळ्यांना आपलं आपलं मिळालं होतं. अण्णांना मटण आणि अब्रू दोन्ही.

आतल्या दारात शालन सुपारीचं तबक घेऊन उभी होती. नवी साडी तिच्या खांद्यावर राहत नव्हती. तिनं आईकडं पाहिलं.

"अण्णा आजारी नव्हतेच," प्रमोदिनी म्हणाली.

"आसंच म्हणावं गं बाई," तानाबाई म्हणाली. "बरं झालेल्याला दिष्ट लागती."

"आजारी शालन हाय."

आता मात्र सगळ्यांचे हात थांबले. प्रमोदिनीनं डाव पातेल्यात ठेवला.

"तिच्या अंगात रक्त न्हाय. शाळंत चक्कर येऊन पडलीवती. हे म्हैनाभर अण्णांचं नाव सांगून ही समदी मोसंबी मी तिला घातली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आत्ता लगीन केलं तर पयल्या बाळंतपणात जाईल. तुमी सून घिऊन जाशीला आन् माझी लेक मरंल."

"आमच्यापास्नं लपवून ठेवलासा?" तानाबाईनं विचारलं.

"व्हय. लपवलं."

जोतीराम ताटाकडं बघत बसले. त्यांना अपमान झाल्यासारखं वाटत होतं, पण ताटात दोन फोडी होत्या. त्यांनी त्या आधी संपवल्या, हात धुतला, मग अपमान झाल्यासारखे उठले. वडीलधारे त्यांच्या मागोमाग. अण्णांनी तोंड उघडलं, पण घास मोठा होता.

तानाबाई दारापाशी थांबली. करंडीकडं बघून नवऱ्याला म्हणाली, "ती घ्या."

जोतीराम वाकले. प्रमोदिनी पुढं झाली आणि तिनं करंडीवर हात ठेवला.

"ही कशाला नेतासा? आजाऱ्यासाठी आणलीसा न्हवं?"

"अण्णांसाठी आणलीवती," तानाबाई म्हणाली. "त्ये तर धडधाकट हायत."

"व्हय की. आन् आजारी हितं हाय."

तानाबाईनं शालनकडं पाहिलं. आजवर लग्नाच्या नजरेनं बघत होती, आता पहिल्यांदा नुसती पोर म्हणून बघितली असावी. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण जोतीराम रस्त्यावरून हाका मारत होते. ती डोक्यावरचा पदर पुढं ओढून निघून गेली. करंडी राहिली.

गल्लीतल्या सगळ्या दारांत माणसं येऊन उभी होती. मदिनाही होती. पाहुणे जेवता जेवता उठून गेले एवढं सगळ्यांनी बघितलं होतं आणि बाकीचं ऐकलं होतं. महिनाभर फळं घेऊन धावत आलेल्या त्या गल्लीतून एक माणूस पुढं आला नाही. लग्नाच्या पोरीचं दुखणं विचारायला जायचं नसतं, तिचं नाव खराब होतं म्हणून. चांगुलपणानंच सगळे आपापल्या उंबऱ्यात थांबले.

"दार लाव," कृष्णात आतून म्हणाला. "आता हिला कोण करून घेणार हाय? निदान दार तरी लाव."

"ऱ्हाऊ दे उघडं," प्रमोदिनी म्हणाली. तिनं करंडी उचलून उंबऱ्यात आणली, जिथं रस्त्यावरून सरळ दिसेल तिथं, आणि हाक मारली, "शालन, हितं ये. आतल्या अंधारात बसून खायचं सपलं आता."

शालननं तबक खाली ठेवलं. पंगतीच्या उष्ट्या ताटांमधून वाट काढत, आजोबांना वळसा घालून ती बाहेर आली आणि आईजवळ उंबऱ्यात बसली. गल्ली बघत होती. तिनं करंडीतलं एक मोसंबं घेतलं, नखानं साल काढली आणि एकेक फोड करून सगळं खाल्लं. मग दुसरं घेतलं.